माझ्या हातचा पलंग

६ जानेवारी १९५७, रविवार. सकाळ.

नवी डायरी. मागच्या वर्षीच्या डायरीची दोनच पानं भरली होती, त्यातलं एक चंपानं लोणच्याच्या बरणीखाली घातलं. यंदा रोज लिहायचं. निदान रविवारी.

काल चंपाचा साखरपुडा झाला. माहीमची मंडळी चांगली आहेत. मुलगा गुरुदत्त विलायती कंपनीत नकाशे काढतो. त्याचे वडील चिंतामणराव हळू बोलतात आणि बोलण्याआधी चष्मा पुसतात. म्हणाले, आम्हाला मुलगी आणि नारळ, एवढंच. तेव्हा मी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती, असं कौसल्येचं मत. पण समोर सगळी चाळ, हातात पेढा आणि माझा आवाज लागलेला. सांगून टाकलं, की चंपाला पलंग देईन, आणि दुकानातला नाही, माझ्या हातचा. नाही दिला तर मांडवात पाऊल ठेवणार नाही. कन्यादान तिच्या मामानं करावं.

टाळ्या पडल्या. चंपा म्हणते, त्या पेढ्यांचं दुसरं ताट आलं म्हणून पडल्या. पोरगी थट्टेखोर.

लग्न २४ मार्चला. वेळ भरपूर.

कारण लिहून ठेवतो, ही डायरी दुसरं कोण वाचणार? कौसल्येला लग्न करून आणली तेव्हा मी दुसऱ्याच्या चक्कीवर दळण करत होतो. बायकोला झोपायला गोणपाट. तिचे वडील एकदा आले, गोणपाट बघितलं, मान फिरवली. आज माझ्या स्वतःच्या पिठाच्या दोन गिरण्या आहेत, एक लालबागला आमच्याच चाळीखाली, एक परळला. ती मान अजून फिरलेलीच आहे.

माझ्या व्याह्यांची फिरता कामा नये.

८ जानेवारी. दुपार.

मशीन घेतलं! चोरबाजारात, लष्करानं काढून टाकलेल्या डिस्पोजलच्या मालात. साखळीची करवत, पेट्रोलवर चालणारी. लढाईत ब्रह्मदेशच्या जंगलात गोऱ्या सोल्जरांनी हिनं झाडं पाडली म्हणे. इंजिनाकडे एक माणूस, शेपटीकडे दुसरा. लोक सुताराकडे जातात, फळ्या विकत घेतात. मी ओंडका आणणार आणि फळीसुद्धा स्वतः पाडणार. हातचा म्हणजे मुळापासून हातचा.

दुकानदारानं चालू करून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकलं. माझा कान लालबागला ठाऊक आहे. चक्कीत गहू चाललाय की ज्वारी, खडा आलाय की पट्टा सैल पडलाय, मी रस्त्यावरून सांगतो. मशीन ठणठणीत आहे.

घरी आणल्यावर चालू झालं नाही. प्रवासाचा शीण.

१० जानेवारी, गुरुवार.

रे रोडच्या लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या. सागवानवाले माणसाशी बोलत नाहीत, खिशाशी बोलतात. परत येताना स्मशानाच्या फाटकाजवळची वखार लागली. बाहेर आंब्याचा एक ओंडका आडवा पडलेला, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. वखारवाला म्हणाला, कुऱ्हाडीला दाद देत नाही, चितेला लावता येत नाही, वर्षभर वाट अडवून बसलाय, न्या एकदाचा. इतका खूश झाला की गाडीसुद्धा स्वतःची देतो म्हणाला.

आता नीट विचार करू. लाकडाला काय ठाऊक आपण कुठं निघालो होतो? हे चितेवर गेलेलं नाही, कुणाला लागलेलं नाही. कोरं करकरीत आहे. उलट चितेवरून वाचलेलं लाकूड म्हणजे दीर्घायुषी लाकूड. नव्या जोडप्याला याहून चांगला शकुन कुठला?

घरी सांगायचं, रे रोड. वखार ती वखार.

१२ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.

ओंडका आला. काय तो मान!

खटारा फाटकातून आत शिरला. पांढरा बैल, डावं शिंग मोडलेलं. तो दिसल्याबरोबर ओट्यावर पत्ते खेळणारे उठून उभे राहिले. दोघांनी टोप्या काढल्या. नळावरच्या बायका गप्प झाल्या, एकीनं डोक्यावरून पदर घेतला. शेजारचा बाबुराव जिना धडाधड उतरून आला आणि दबक्या आवाजात विचारायला लागला, "कोण? कोण गेला?" मी म्हटलं, गेलं कुणी नाही रे, चंपाचा पलंग आलाय. तो माझ्याकडे बघत राहिला. मग बैलाकडे.

मोठ्या कामाचं माणसांना दडपण येतं.

सासूबाई, म्हणजे गंगुबाई, लग्नाच्या कामाला म्हणून दिवाळीपासून आमच्याकडेच आहेत. त्या गॅलरीतून म्हणाल्या, "जावयबापू, हो बैल माका वळखीचो दिसता." मी म्हटलं, बैल सगळे सारखेच. त्या म्हणाल्या, "एका शिंगाचे?" आणि आत गेल्या. मग त्यांनी आंघोळ केली. भर थंडीत, संध्याकाळची. म्हातारपणी स्वच्छतेची आवड वाढते.

१४ जानेवारी, सोमवार.

शेपटीकडचा माणूस ठरला, बाबुराव. तो कापडाच्या गिरणीत साचे चालवतो, उरलेला वेळ मुंबई महाराष्ट्रात आणायच्या समितीला देतो. गेल्या जानेवारीत मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला. संचारबंदीच्या त्या दिवसांत मी चक्कीच्या मागच्या दारानं चाळीला पीठ दिलं होतं, ते तो विसरत नाही. मी आठवण करून देत नाही. क्वचितच देतो.

ओंडक्याला हात लावण्याआधी त्यानं चपला काढल्या आणि नमस्कार केला. श्रमाबद्दल केवढा हा आदर! पाऊण तास दोरी ओढली. मशीन खोकलं, बोललं नाही.

कौसल्या आज गिरगावात जाऊन आली. शालू बघायला. रिकाम्या हातानं परत आली. म्हणाली, बघून ठेवलंय.

२० जानेवारी, रविवार.

अक्षर वाकडं आलंय. मशीनमुळे.

सकाळी चाळीची फेरी निघायची होती, गेल्या वर्षी गेलेल्यांच्या आठवणीत. फेरी आहे हे मला ठाऊक होतं. मूक फेरी आहे हे कुणी मुद्दाम येऊन सांगितलं नाही. माझा हिशेब असा की घोषणा चालतील, त्यात आपला आवाज बुडून जाईल.

आठवडाभर न बोललेलं मशीन नेमकं तेव्हा बोललं. तडतडतडतड. फेरी फाटकात होती. एका क्षणात सगळी माणसं जमिनीवर पालथी. बायका, म्हातारे, काळे झेंडे. कुणी ओरडलं नाही. ते न ओरडणं मला एवढ्या आवाजातसुद्धा ऐकू आलं.

बंद करायचं बटण सापडेना. शेवटी प्लगची वायर उपटली, झटका बसला.

नाक्यावर पोलिसांची लॉरी उभीच होती. हवालदार आणि चार शिपाई आत आले. मशीनगनसारखा आवाज कुठून आला, कुणाकडे काय आहे, बाहेर काढा. मी मशीनवर गव्हाचं पोतं टाकून त्यावर बसलो होतो. खालून गरम इंजिन. मला वाटलं, संपलं. मांडवाऐवजी भायखळ्याचा तुरुंग.

बाबुराव गुडघ्यातून रक्त गळत उभा राहिला आणि म्हणाला, चक्कीचा पट्टा तुटला साहेब. मग सगळी चाळ तेच म्हणाली. पट्टा. चक्कीचा पट्टा. हवालदारानं मला विचारलं, तू का बसलास? मी म्हटलं, शोक झालाय. पोत्यातून धूर येत होता. तो म्हणाला, गहू भाजतोयस काय? आणि सगळे निघून गेले.

आजची चांगली बातमी : मशीन चालू होतं.

२७ जानेवारी.

बाबुराव आठवडाभर फिरकला नाही. आज मीच त्याच्या खोलीवर गेलो. गुडघा बरा आहे. म्हटलं, आता काम सुरू करू, रविवार वाया चाललाय. तो भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे बघून म्हणाला, "दौलतराव, तुमचा मशीन कापता लाकूड, पण आवाज काढता त्या सांजेचो." म्हणजे गोळीबाराची सांज. 

ठराव : यापुढे मशीन चालू करण्याआधी चाळभर घंटा वाजवायची. पोस्टमनपासून सगळ्यांना सांगायचं. आणि फक्त रविवारी, दुपारी.

थोड्या वेळानं तो स्वतःच खाली आला. घंटा मी वाजवतो, म्हणाला.

३ फेब्रुवारी, रविवार.

पहिली फळी निघाली!

ओंडक्यावर चाळीची शिडी खिळ्यांनी ठोकली. करवत शिडीवरून सरकली की फळी सरळ निघणार, अशी माझी युक्ती. शिडीच्या दोन पायऱ्या करवतीनं खाल्ल्या. तेवढ्यानं शिडी अडत नाही, पाय लांब टाकावा.

कापायला वेळ लागला. पण भुसा काय पडतोय! चिमटीत घेऊन बघितला. मैदा. सपिटापेक्षा बारीक. आयुष्य दळणात गेलं, इतकं बारीक दळण मी बघितलं नाही. बाबुराव खोकत म्हणाला, "आमका मैदो नको, फळी व्हयी." मी म्हटलं, जितकं दळण बारीक तितकी चक्की चांगली, हा नियम आहे. मग साखळी लाल झाली आणि धूर निघाला. जास्त मेहनत केली की होतं.

फळी एका टोकाला चार बोटं जाड, दुसऱ्या टोकाला पापडाएवढी. जाड बाजू उशाकडे घेऊ. डोकं उंच राहील, झोप शांत लागेल. दुकानातल्या पलंगात ही सोय नसते.

५ फेब्रुवारी.

विचारांती साखळीला धार लावायचं ठरवलं. जात्याच्या दगडाला टाकी लावतात, छिन्नीनं टोचे मारतात, तशी स्वतःच्या हातानं साखळीच्या एकेका दाताला लावली. आता दात खडबडीत झालेत. छान पकड येईल.

१० फेब्रुवारी, रविवार.

पकड इतकी आली की मशीन ओंडक्यात रुतून बसलं. पहारीनं काढलं. दुपारभरात वीतभर काप. बाबुराव म्हणाला, बांबूच्या कांबीनं लवकर कापू. तो निवडणुकीच्या कामानं थकलेला आहे.

गंगुबाईंची आंघोळ आता दिवसातून तीनदा. अंगणात जाऊन आल्या की आंघोळ. बाबुरावही काम झालं की घरात शिरण्याआधी नळाखाली बसतो. मी मात्र भुसा झटकून जेवायला बसलो, तर कौसल्येनं ताट बाहेर गॅलरीत मांडलं. म्हणाली, उजेड चांगला आहे.

१७ फेब्रुवारी, रविवार.

दुसरी फळी झाली, तिसरी होत आली. आणि चिंतामणराव न कळवता आले!

सगळं बघितलं. फळीवर बोटानं टकटक केलं. चष्मा पुसला. म्हणाले, आंबा दिसतोय. मी म्हटलं, हो, जुना, घट्ट. म्हणाले, वखार कुठली? मी म्हटलं, रे रोड. म्हणाले, वा, माझा मेव्हणा तिथंच असतो, वखारवाल्याचं नाव काय?

 मी म्हटलं एक मिनिट, आणि चक्कीचा खटका खाली ओढला. चक्कीत दाणा नव्हता. रिकामी चक्की कधी चालवू नये, दगड दगडाला खातो. पण वेळच तशी होती. ठिणग्या उडाल्या. ते काही बोलले, मी कानाला हात लावून दाखवला, ऐकू येत नाही. ते हसले आणि स्टुलावर बसून राहिले. माणूस चिकट आहे. मी चक्की बंद करेपर्यंत बसले.

मग म्हणाले, "दौलतराव, पलंगाचा हट्ट आमचा नाही हो. चंपा चटईवर झोपली तरी आमचीच. तुम्ही मात्र मांडवात हवेत."

सरळ बोलतील ते माहीमकर कसले. एवढं वळण घेऊन बोलले म्हणजे सगळं लक्ष पलंगावरच आहे.

जाताना कौसल्या त्यांना जिन्याखाली विचारत होती, तुमच्या आतल्या खोलीचं दार किती रुंद? मला इथून स्पष्ट ऐकू आलं. बायकांना नसत्या चौकशा.

२४ फेब्रुवारी, रविवार.

फळ्या लवकर वाळाव्यात म्हणून चाळीच्या पत्र्यावर उन्हात टाकल्या होत्या. आज उतरवल्या. एक होडीसारखी झाली आहे. दुसरीनं पीळ घेतलाय, धुतलेलं धोतर पिळतात तसा. तिसरी मधून फाटत चालली आहे. परवा दुपारी तिचा कडकन आवाज झाला तेव्हा चाळीतले चार जण पुन्हा खाली बसले. घंटा वाजवा म्हणाले. फळी फाटण्याआधी घंटा कशी वाजवणार?

होडीचा आकार पाठीला सोयीचा असतो. बाकीच्यांवर गव्हाची पोती रचली. दाबानं माणूस सरळ होतो, लाकूड का नाही होणार?

कौसल्या चौथ्यांदा गिरगावात. शालू अजून नाही.

३ मार्च, रविवार.

आज चंपा चक्कीवर डबा घेऊन आली. डबा ठेवून गेली नाही. मी गिऱ्हाईक करत होतो. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, "बाबा, पलंग नाही झाला, तर तुम्ही खरंच नाही येणार?"

मी म्हटलं, पलंग होणार.

ती म्हणाली, "मी ते नाही विचारलं."

नेहमी हसते, आज हसली नाही. मी म्हटलं, दौलतचा शब्द आहे, सगळ्या चाळीनं ऐकलाय. ती म्हणाली, "चाळीनं ऐकलाय म्हणूनच विचारते," आणि डब्याचं झाकण घट्ट लावून गेली. झाकण इतकं घट्ट लावलं की जेवायला उघडेना.

१० मार्च, रविवार.

शुक्रवारी होळी. पोरांनी लाकडं चोरायला सुरुवात केली. नेहमीचंच. दर वर्षी पंच मीच असतो आणि नियमही मीच सांगतो : होळीसाठी चोरलेलं लाकूड ही चोरी नाही, आणि एकदा होळीवर ठेवलेलं लाकूड मालकानं परत मागायचं नाही. गेल्या वर्षी पोरांनी बाबुरावचं स्टूल नेलं तेव्हा तो चिडला होता, मी त्याला धर्म समजावून सांगितला.

माझ्या फळ्या मागच्या पडवीत कुलपात आहेत. किल्ली कौसल्येकडे. सुरक्षित.

१४ मार्च, गुरुवार.

दहा दिवस राहिले. योजना पक्की : शनिवारी पाय, रविवारी चौकट, सोमवारी पॉलिश, मंगळवारी माहीम. पीळवाल्या फळीचे पाय करायचे. पीळ आयताच आहे, लोक नक्षीला वेगळे पैसे देतात.

आज रात्री पहिल्यांदा बेफिकीर झोपणार.

१५ मार्च, शुक्रवार. होळी.

जमेल तसं लिहितो. डोळे चुरचुरताहेत.

संध्याकाळी चक्की बंद करून अंगणात आलो. पुरणपोळीला म्हणून चिंतामणराव आणि गुरुदत्त आलेले होते. सगळी चाळ गोल उभी. मध्ये एरंडाची फांदी, गोवऱ्या, खोकी, मोडकी खुर्ची. आणि सगळ्यांना टेकून उभ्या, तीन फळ्या. माझ्या. होडी, पीळ आणि फाटलेली. त्यांच्या मागे उरलेला ओंडका, आठ जणांनी लोटत आणलेला.

परत मागता येत नाही. नियम माझाच.

एकच वाट होती. एक वाक्य बोललो असतो की हे लाकूड स्मशानातलं आहे, तर लोकांनी स्वतःच ओढून बाहेर काढलं असतं. होळीवर असलं लाकूड कोण ठेवील? फळ्या परत मिळाल्या असत्या. पण समोर व्याही. चंपा पुरणपोळीचं ताट धरून उभी. बाबुरावच्या हातात पेटता काकडा.

म्हणजे बोललो तर फळ्या मिळतात आणि पलंग जातो. नाही बोललो तर दोन्ही जातं. आणि मांडवही.

मी ओरडलो, "थांबा! ते लाकूड..."

सगळे थांबले. काकडा थांबला. नळाचं पाणी टपटपतंय ते मला ऐकू येत होतं. गंगुबाई टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कौसल्या नाही बघत. ती जमिनीकडे बघत होती. चंपानं हातातलं ताट खाली ठेवलं.

मी म्हटलं, "...ओलं आहे. नीट पेटणार नाही."

बाबुराव म्हणाला, "पेटात, दौलतराव. पेटात सावकाश." आणि काकडा लावला.

पेटलं नाही, धुमसलं. असा धूर की चाळ दिसेना. सगळे खोकत, डोळे पुसत. मीही पुसले, सगळेच पुसत होते. मग पोरांनी बोंब ठोकायला सुरुवात केली. होळीच्या दिवशी बोंब मारायला कुणाची ना नसते. मी दोन्ही गिरण्यांचा मालक, पंच, वधूपिता. सगळ्यांत मोठी बोंब मी मारली. थांबलो तेव्हा बाकीचे केव्हाच थांबले होते.

१६ मार्च, शनिवार.

होळीत अजून ओंडका धुमसतोय.

कौसल्येला विचारलं, पडवीची किल्ली पोरांना कुणी दिली? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मी. वर न बघता बाकीचंही बोलली. तो एका शिंगाचा बैल अख्ख्या लालबागला माहीत आहे. कुणी गेलं की स्मशानाच्या वखारीतून तिरडीचे बांबू तोच घेऊन येतो. तिच्या वडिलांचे आणले, बाबुरावच्या भावाचे आणले. बारा जानेवारीला बैल फाटकातून आत आला तेव्हाच सगळ्या चाळीला कळलं. चंपाला कळलं. चिंतामणरावांना तिनं स्वतः सांगितलं, बाहेरून कळण्यापेक्षा बरं.

मी विचारलं, मग दोन महिने कुणी बोललं का नाही?

म्हणाली, चंपा म्हणाली, बाबांना करू दे. बाबुराव म्हणाला, संचारबंदीत पीठ खाल्लंय. आणि आई म्हणाली, अग्नीचं आहे ते अग्नीला पोचवा, घराला लागू देऊ नका. होळीपर्यंत थांबायचं ठरलं.

माझे कान एवढे तीक्ष्ण. चाळीनं फारच हळू बोलण्याची खबरदारी घेतली असणार.

मी म्हटलं, तुला गोणपाटावर आणली म्हणून हे सगळं केलं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अहो, गोणपाटावर झोप तुम्हाला लागत नव्हती. मला छान लागायची."

तिच्या वडिलांच्या मानेबद्दलही विचारलं. म्हणाली, त्यांची मान जन्माचीच तशी होती, डावीकडे.

मग म्हणाली, पलंग तयार आहे. गिरगावात मनमोहनशेठच्या दुकानात. शिसवी. चौदा जानेवारीला सांगितला.

चौदा जानेवारी! तेव्हा मशीन चालूसुद्धा झालं नव्हतं. विश्वास कशाला म्हणतात?

मी म्हटलं, दुकानातला आहे. शब्द जातो. मी मांडवात येणार नाही. तिनं तांदळातला खडा काढून माझ्यासमोर ठेवला.

२२ मार्च, शुक्रवार.

हातगाडीवरून पलंग आला. सुटा. चौकट वेगळी, फळ्या वेगळ्या, चार पाय वेगळे. पाय बसवलेले का नाहीत विचारलं, तर हातगाडीवाला म्हणाला, बाईंनी सांगितलं, तीन घरी नेऊन बसवा, चौथा सुटा द्या. मग तीन त्यानंच बसवले.

चंपानं चौथा पाय आणि हातोडी माझ्या हातात दिली. चाळ गोळा झाली. तिनं मोठ्यानं विचारलं, "बाबा, हातचा म्हणजे किती हातचा, ते साखरपुड्याला सांगितलं होतंत का?" मी म्हटलं, तसा तपशील नव्हता. बाबुरावनं घंटा वाजवली. गंगुबाई म्हणाल्या, "मारा जावयबापू, मुहूर्त टळता."

मी पाय बसवला. पाचर मारली. आवाज ऐकला, घट्ट. माझा कान आहे.

टाळ्या पडल्या. पेढे नव्हते, तरी.

२४ मार्च, रविवार.

लग्न लागलं. कन्यादान मी केलं. जास्त लिहीत नाही, शाई फुटतेय.

७ एप्रिल, रविवार.

मशीन विकलं नाही. इंजिन परळच्या गिरणीत ठेवलंय, कधीतरी उपयोगी पडेल. साखळी लालबागच्या चक्कीच्या दाराला लावली, कुलपाला. बोथट आहे, पण चोराला काय ठाऊक?

चंपा आज माहेरी आली. सासरचं सगळं चांगलं आहे. चिंतामणराव दुपारी तिच्या पलंगावर बसून पेपर वाचतात. एका कोपऱ्यात कलतात. परवा उठले, चष्मा पुसला, खाली वाकले आणि चौथ्या पायाखाली सुपारी घातली. तरी डुगडुगतो.

मी म्हटलं, त्यांच्या फरशीला उतार असेल.

चंपा म्हणाली, येणारा-जाणारा पलंग बघतो आणि विचारतो, कुठल्या दुकानातला? मी सांगते, तीन पाय गिरगावचे आहेत, एक बाबांच्या हातचा. मग ते न सांगता बरोबर त्याच पायाकडे बघतात.

म्हणजे काम ओळखू येतं.